मृत चेंडू आणि पंचाचा विवेक

खेळ चालू असताना घडलेला अपराध आणि खेळ थांबला असताना घडलेला अपराध ह्यांत काही भेद आहे काय, व असल्यास तो कोणत्या जातीचा, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांपुढे ठेवला तर ते हसतील. क्रीडांगणावर मात्र तेच विद्यार्थी त्याच प्रश्नावरून हातघाईवर येतात. बास्केटबॉलचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांस ठाऊक असेल की, चेंडू टोपलीतून खाली आला, रेषेबाहेर गेला किंवा पंचाची शिट्टी वाजली म्हणजे तो 'मृत' होतो. मृत चेंडूने गुण मिळत नाही. तथापि त्याच्या ह्या मृतावस्थेत खेळाडू स्वस्थ उभे राहतात असे मात्र नाही. ज्याने नुकताच गुण मिळविला तो माघारी वळता वळता चेंडूला हळूच टिचकी मारून चार हात दूर घालवितो. रेषेबाहेरून चेंडू आत फेकणाऱ्यापुढे उभा असलेला रक्षक आपला पंजा रेषेपलीकडे वीतभर काढतो. फ्री थ्रोच्या वेळी दोहो बाजूंस उभे असलेले गडी चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच अर्धे पाऊल आत सरकतात. ह्यांपैकी प्रत्येक कृत्य नियमबाह्य आहे; आणि प्रत्येक इतके लहान आहे की, त्यावर शिट्टी वाजली तर प्रेक्षक पंचालाच वेड्यात काढतील. मग पंचाने ती केव्हा वाजवावी?

ह्याविषयी सामान्यतः दोन पक्ष आढळतात. पहिला म्हणतो, पंच हा नियमांचा कर्ता नव्हे, सेवक आहे. कोणता नियम पाळावयाचा आणि कोणता सोडावयाचा हे ठरविण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आज वीतभर हात चालला तर उद्या हातभर का चालू नये? दुसरा म्हणतो, लोक खेळ पाहावयास येतात, शिट्टी ऐकावयास येत नाहीत. जेथे कोणाचे काही बिघडले नाही तेथे खेळाची धार तोडणारा पंच अरसिक होय. दोहोंच्याही म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोघेही एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात. ती ही की, अपराध लहान की मोठा हे केवळ त्या कृत्याकडे पाहून ठरविता येते. आमचा आक्षेप नेमका येथे आहे, आणि तो स्पष्ट करण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम नियमकर्त्याचा हेतू काय होता ते पाहणे इष्ट. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने निर्माण केला, आणि त्याचे मूळ नियम अवघे तेरा होते. त्यांतील नवव्या नियमात, बाहेर गेलेला चेंडू आत फेकण्यास पाच सेकंदांची मुदत असून तेवढ्यात न फेकल्यास तो प्रतिपक्षास द्यावा, असे सांगितले आहे. आणि त्यापुढे, एखादा पक्ष खेळास विलंब लावण्याचा हेका धरील तर पंचाने त्यावर फाउल द्यावा, अशी पुस्ती जोडली आहे. पाच सेकंदांचा नियम मोजमापाचा आहे. तो घड्याळालाही पाळता येईल. हेका ओळखण्याचे काम घड्याळाला जमणारे नाही, त्यास माणूस पाहिजे. म्हणजे खेळाच्या जन्मापासूनच नियमाने काही भाग मोजणीवर सोपविला आणि काही भाग विवेकावर. 'नियम तो नियम' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे की, विवेक वापरण्याची आज्ञा हाही एक नियमच आहे.

आजचे आंतरराष्ट्रीय नियम पाहिले तरी हीच दृष्टी त्यांत दिसते. फ्री थ्रो यशस्वी झाला, आणि तेवढ्यात फेकणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणी आगाऊ पाऊल टाकले असेल, तर गुण धरावा व ते पाऊल सोडून द्यावे, असे नियमच सांगतो. कारण त्या पावलाने कोणाचेच काही हरण झालेले नसते. टोपलीतून पडलेला चेंडू मुद्दाम ढकलणाऱ्यास किंवा रेषेपलीकडे हात काढणाऱ्यास प्रथम ताकीद मिळते, ती त्याच्या शिक्षकासही कळविली जाते, आणि पुढे त्याच संघाकडून तेच घडल्यास टेक्निकल फाउल होतो. आधी शब्द, मग दंड हा क्रम आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रकारांनाही परका नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीत धिग्दंड, वाग्दंड, धनदंड आणि वधदंड अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी शेवटची क्रीडांगणापुरती तरी आपण सोडून देऊ. इंग्रजी अमदानीत १८६० साली झालेल्या दंड संहितेच्या ९५ व्या कलमाने तर असे म्हटले होते की, सामान्य समजुतीचा व स्वभावाचा मनुष्य ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी अल्प हानी करणारे कृत्य अपराधच नव्हे. आणि २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे. न्यायाचा विषय निघाला की आपल्याकडे रामशास्त्र्यांचे स्मरण ठरलेले. पण तो दाखला येथे कामाचा नाही. नारायणरावाच्या वधाचा दोष सत्ताधीशाच्या पदरी बांधण्यास जे लागले ते धैर्य होते. वीतभर पुढे आलेल्या हाताचा न्याय करण्यास धैर्य फारसे लागत नाही, तारतम्य लागते. आणि तारतम्यावर कोणी पोवाडे रचीत नाही.

अल्प हानीचे तत्त्व दिसण्यास सरळ आहे. पण ही अल्पता कोणाच्या मापाने मोजावयाची? नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, म्हणजे बारामती-इंदापूरच्या बागाईत भागात ज्यांनी काही काळ घालविला असेल त्यांस आम्ही काय म्हणतो ते लवकर समजेल. कालव्याचे पाणी शेजपाळीने मिळते. चारीवरच्या एका शेतकऱ्याची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू होते, आणि पाळीची वेळ रात्रीची असली तर कंदील वा बॅटरी घेऊन माणूस बांधावर आधीच येऊन बसलेला असतो. आता, ज्याची पाळी संपली त्याने आपले दार बंद करावयास दहा मिनिटे उशीर केला, तर त्याच्या दृष्टीने ती दहा मिनिटे म्हणजे उसाच्या दोन सऱ्या. तो म्हणेल, 'एवढ्याने काय होतंय?' आणि त्याच्यापुरते ते खरेही असेल. परंतु त्याच्या खालचा दहा मिनिटे उशिरा सुरू करतो, त्याच्या खालचा वीस, आणि असे होता होता चारीच्या अगदी शेवटच्या टोकास ज्याचे रान आहे त्याच्या वाट्यास कोरडी चारी येते. त्या मनुष्याने कोणाशी भांडावे? ज्याने त्याला बुडविले असा एक मनुष्यच नसतो; प्रत्येकाने थोडे थोडे घेतलेले असते, आणि प्रत्येकाचे थोडे क्षम्य असते. पाटकऱ्याने पहिल्या दारावर दाखविलेल्या सौजन्याची किंमत शेवटच्या दारावर दिली जाते, आणि ती देणारा मनुष्य पाटकऱ्याच्या दृष्टीसही पडत नाही.

मृत चेंडूच्या काळातील अपराध ह्याच जातीचे आहेत, असे आमचे मत आहे. खेळ चालू असताना एकाने दुसऱ्यास धक्का दिला तर कोणाचे काय गेले हे डोळ्यांस दिसते. खेळ थांबला असताना जे जाते ते दिसत नाही, कारण ते अद्याप घडलेलेच नसते. टिचकीने दूर गेलेला चेंडू आणण्यात दोन सेकंद गेले; तेवढ्यात गुण गमावलेल्या पक्षाला झटकन चेंडू आत फेकून, प्रतिपक्ष सावरण्यापूर्वी पलीकडची टोपली गाठण्याची जी संधी होती, ती निघून गेली. अखेरची दोन मिनिटे सोडली तर गुण झाल्यावर घड्याळ थांबतही नाही. मृत चेंडूच्या काळात जिवंत राहणारी वस्तू काय ती तेवढीच. जे घडू शकले असते त्याची चोरी ही चोरी आहे काय? आमच्या मते आहे. पाळी ही वस्तू नव्हे, पण पाळीची चोरी होते, हे बारामतीच्या बागाईतदारास तत्त्वज्ञाच्या मदतीवाचून कळते.

येथवर वाचून कोणास असे वाटेल की, आम्ही पहिल्या पक्षास जाऊन मिळालो. तसे नाही. वडगाव निंबाळकर येथे पाहिलेल्या मुलींच्या एका कबड्डीच्या सामन्याची हकीकत ह्या दृष्टीने सांगण्याजोगी आहे. कबड्डीत चेंडू नाही. पण एक चढाई संपून दुसरी सुरू होईपर्यंतचा जो काळ, तो आमच्या विषयातील मृत काळच होय. चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणास पाय लागण्यापूर्वी 'कबड्डी' हा उच्चार सुरू केला पाहिजे असा नियम आहे. उशीर झाला तर पंच त्याला परत पाठवितो, आणि प्रतिपक्षास गुण व चढाईची पाळी मिळते. त्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या मुली मध्यरेषा ओलांडल्यावर एखादे पाऊल टाकून मग उच्चारास आरंभ करीत होत्या. पंचाने पूर्वार्धात तिकडे लक्ष दिले नाही, उत्तरार्धातही दिले नाही. सामना बरोबरीत आला, शेवटची चढाई उरली, मुलगी रेषा ओलांडून नेहमीप्रमाणे पाऊलभर आत गेली, आणि शिट्टी वाजली. गुण पलीकडे गेला आणि त्याबरोबर सामनाही. शिट्टी नियमास धरून होती, ह्यात तिळमात्र शंका नाही. आमच्या शेजारी धोतर सावरीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ मात्र एवढेच म्हणाले, "इतका वेळ चाललं, मग आताच कसं दिसलं?"

ह्या प्रश्नाचे उत्तर नियमपुस्तकात मिळत नाही. त्या मुलीने जो नियम मोडला तो छापलेला होता. पण ज्या नियमाने ती अर्धा-पाऊण तास खेळत होती तो पंचाने आपल्या मौनाने घालून दिलेला होता, आणि तो तिने मोडला नव्हता. पंच बोलून जसा नियम सांगतो तसा न बोलूनही सांगतो. पहिल्या दहा मिनिटांत निजविलेला नियम शेवटच्या मिनिटाला जागा करावयाचा असेल तर तो आवाज देऊन जागा केला पाहिजे. झोपेतून उठून एकदम चावणारा नियम हा नियम राहत नाही, तो अपघात होतो. आणि खेड्यातील पोरांच्या बाबतीत ह्याचा परिणाम खेळापुरता राहत नाही. कायद्याशी त्यांची पहिली ओळख कचेरीत होत नाही, ती मैदानावर होते. एरवी सर्वांस मोकळे असलेले दार आपण पोहोचलो की बंद होते, असा अनुभव ज्याला शाळकरी वयात शिट्टीने दिला, तो पुढे तलाठ्याच्या कचेरीत नियमाची चौकशी करणार नाही. आपल्या ओळखीचे कोण आहे ह्याची चौकशी करील. आपल्या लोकांत कायद्याविषयी जी एक प्रकारची हताश बेफिकिरी आढळते, तिचे मूळ कायद्याच्या कडकपणात फारसे नाही. तो कधी जागा होईल ह्याचा नेम नसतो, त्यात ते आहे.

'शेवटच्या क्षणी शिट्टीने सामना ठरवू नये' असे एक सूत्र क्रीडारसिकांत प्रसिद्ध आहे. वरील हकीकत त्याच्या बाजूची वाटेल; पण ते सूत्र आम्हांस पटत नाही. अखेरच्या पाच सेकंदांत रेषेपलीकडे हात काढून कोणी चेंडू आत येऊ दिला नाही आणि पंच गप्प राहिला, तर सामना त्या हाताने ठरला, आणि पंचाने ठरू दिला. मौन तटस्थ असते ही समजूत मोठी फसवी आहे. बास्केटबॉलच्या नियमकर्त्यांनी ह्या अडचणीतून काढलेला मार्ग आम्हांस फार सुज्ञपणाचा वाटतो. चौथ्या डावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू आत फेकणाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी पंच समोरच्या रक्षकास हाताच्या खुणेने आधीच बजावतो की, ही रेषा ओलांडू नको. आणि त्यानंतर ती ओलांडली तर दुसरी ताकीद न देता टेक्निकल फाउल देतो. एका हाताच्या खुणेचा खर्च. पण त्यामुळे पुढची शिट्टी कोणास अनपेक्षित वाटत नाही, आणि ती न वाजण्याचीही सबब उरत नाही.

उदारतेचा जो गौरव होतो त्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण त्यात एक मोठा घोटाळा आहे. क्रिकेटमधील उदाहरणे सर्वांच्या तोंडी असतात. १८८२ साली ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाचा जोन्स हा तरुण खेळाडू, चेंडू आता मृत झाला अशा समजुतीने खेळपट्टी ठोकण्यासाठी रेषेबाहेर गेला आणि डब्ल्यू. जी. ग्रेसने त्याला धावचीत केले. त्यावरून जे वादळ उठले ते इतिहासात नमूद आहे. उलट २०११ साली नॉटिंगहॅम येथे इंग्लंडचा इयन बेल, चेंडू सीमेपार गेला व चहाची वेळ झाली असे समजून चालू लागला, धावचीत ठरला, आणि चहानंतर धोनीने दाद मागे घेतल्यामुळे पुन्हा खेळावयास आला. १९८० साली मुंबईच्या वानखेडे मैदानावर कर्णधार विश्वनाथाने बाद ठरविलेल्या बॉब टेलरला परत बोलावले, आणि तो सामना भारताने गमावला. धोनी व विश्वनाथ ह्यांचे कृत्य थोर खरेच. पण ते थोर का? त्यांनी जे दिले ते त्यांच्या मालकीचे होते म्हणून. बाद झालेला गडी त्यांच्या पक्षाची कमाई होती. ती सोडण्याचा हक्क त्यांचा होता आणि तोटाही त्यांनीच सोसला. पंचाजवळ असे स्वतःचे काय आहे? त्याने एका पक्षाचा पंजा माफ केला तर ती माफी दुसऱ्या पक्षाच्या खिशातून जाते. दुसऱ्याच्या धनाने दानशूर होणाऱ्यास आपल्या भाषेत जी नावे आहेत ती काही गौरवाची नाहीत. नॉटिंगहॅमला पंचांनी बेलला बाद दिले, हे त्यांचे काम. धोनीने ते मागे घेतले, हे त्याचे. पहिल्याने दुसऱ्याचे काम अंगावर घेतले असते तर दुसऱ्यास थोर होण्यास जागाच राहिली नसती.

मग पंचाने करावे तरी काय? ह्या बाबतीत आपल्या खो-खोकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे आम्हांस वाटते, आणि हे केवळ स्वदेशाभिमानाने म्हणत नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याकडून नियमभंग झाला की पंच शिट्टी वाजवून तो जाहीर करतो, आणि त्या गड्यास अशा दिशेने जावयास लावतो की, नियमभंगाने जो लाभ त्याने मिळविला तो त्याच्या हातून सुटावा. तेवढ्या अवधीत त्याने कोणास स्पर्श केला तर तो बाद धरला जात नाही. येथे पळणाऱ्या पक्षास गुण मिळत नाही, पाठलाग करणाऱ्यावर अपराधाचा शिक्का बसत नाही, खेळ जवळजवळ थांबतही नाही. जे वाकडे झाले ते सरळ होते, एवढेच. क्षुल्लक नियमभंगाचा पहिला इलाज दंड नसून भरपाई असावा, ही कल्पना आमच्या गावठी समजल्या गेलेल्या खेळात इतकी सहज वावरते की, तिचे कोणास नवल वाटत नाही. बास्केटबॉलमध्ये टिचकी मारली गेली तर पंचाने चेंडू मागवावा, दोन्ही संघांस ऐकू जाईल असे बजवावे, आणि गेलेला वेळ घड्याळात परत घालावा. पुन्हा तेच घडले तर मात्र दया दाखवू नये. कारण आता तो हात चुकून गेला असे म्हणण्यास जागा नाही.

कोणी विचारील की, हेतू पाहावयाचा की परिणाम? हेतू पाहावा हे म्हणणे सुंदर आहे, परंतु पंच अंतर्ज्ञानी नाही, आणि ज्या पंचास आपण अंतर्ज्ञानी आहो असे वाटू लागते त्याच्यापासून दोन्ही संघांनी सावध राहावे. नेस्मिथचा 'हेका' हा शब्द म्हणूनच आम्हांस मोलाचा वाटतो. हेतू मनात असतो, हेका मैदानावर दिसतो. एकदा घडले ते नेम चुकून. ताकिदीनंतर घडले ते जाणून. ताकीद दिली म्हणजे पंचास कोणाच्या मनात शिरावे लागत नाही.

एक प्रसंग तरीही शिल्लक राहतो, आणि तो आम्ही वाचकांपासून लपवू इच्छीत नाही. सामन्याचे शेवटचे क्षण. एका गुणाचा फरक. आधी कोणाकडूनही काही घडले नव्हते म्हणून ताकीद नाही. धांदलीत पंचाची खूणही राहून गेली. आणि रक्षकाचा पंजा रेषेपलीकडे गेला. नियमाच्या अक्षराकडे पाहावे तर अखेरच्या दोन मिनिटांत टेक्निकल फाउल मागता येईल. ज्याचा चेंडू अडला त्याची तक्रारही रास्त. आमचे मत असे की, पंचाने खेळ थांबवावा, चेंडू पुन्हा त्याच जागी द्यावा, सरकलेले सेकंद घड्याळात परत भरावे, आता खूण करावी, आणि फ्री थ्रो देऊ नये. ज्या पक्षाने हात काढला त्यास ह्यात थोडा लाभ होतो, तो असा की, प्रतिपक्षाने आखलेली चाल त्याने एकदा पाहून घेतली. तेवढा अन्याय उरतोच. तो रक्षकाच्या खात्यावर घालावयाचा की खूण विसरलेल्या पंचाच्या, ह्याविषयी आमच्याच महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकांचे आणि आमचे एकमत झालेले नाही. ते फ्री थ्रो द्यावा म्हणतात, आणि त्यांनी आमच्याहून पुष्कळ अधिक सामने शिट्टी हाती घेऊन काढले आहेत.